परदेशातून आलेलं पार्सल कस्टम्समध्ये अडलंय, पैसे मागतायत: भरण्याआधी काय तपासायचं

राखीच्या आसपास आणि दिवाळीच्या तोंडावर आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "पार्सल कस्टम्समध्ये आहे, एवढे रुपये भरा म्हणतायत. भरू का?" सोबत स्क्रीनशॉट. मग उत्तरं सुरू होतात. एक जण म्हणतो, गिफ्ट असेल तर काही लागत नाही. दुसरा ७७ टक्के कर लागतो असं सांगतो. तिसरा ठामपणे बजावतो, फ्रॉड आहे, भरू नका. गंमत अशी की यातलं प्रत्येक उत्तर कधी ना कधी, कुणाच्या ना कुणाच्या पार्सलला बरोबर होतं. म्हणूनच ती मरत नाहीत.

नुसता एकरकमी आकडा बघून "भरू का" याचं उत्तर देता येत नाही. त्यात सरकारचा कर, कुरिअर कंपनीची फी आणि कधीकधी गोदामाचं भाडं असे तीन हिशेब एकत्र कालवलेले असतात. आधी ते सुटे करायचे. भांडायचं कुणाशी आणि भांडण्यासारखं काही आहे का, हे त्यानंतरच कळतं.

पोस्टाने आलंय की कुरिअरने?

ट्रॅकिंग नंबर बघा. आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे आणि शेवटी पुन्हा दोन अक्षरं, असा तेरा घरांचा नंबर असेल तर पार्सल टपाल खात्याच्या जाळ्यातून येतंय. शेवटची दोन अक्षरं पाठवणाऱ्या देशाची असतात. हा नंबर इंडिया पोस्टच्या साइटवर चालतो. पाठवणाऱ्याने तिकडच्या पोस्टात नेऊन दिलेलं पार्सल इकडे बहुधा पोस्टमनच आणतो. नुसते आकडे किंवा वेगळ्याच धाटणीचा नंबर असेल तर बहुधा कुरिअर.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोघांची रीत वेगळी. पोस्टाच्या पार्सलची तपासणी विदेश डाकघरातले कस्टम्स अधिकारी करतात. मुंबईचं विदेश डाकघर बॅलार्ड इस्टेटला आहे. ठाण्या-वाशीचं प्रत्येक पार्सल तिथेच उतरेल असं मात्र नाही. दिल्ली, चेन्नई, कोलकाता इथेही विदेश डाकघरं आहेत आणि पार्सल तिकडूनही येऊ शकतं. कर लागला तर तो पार्सलवर लिहून येतो आणि पोस्टमन दारात किंवा तुमच्या पोस्ट ऑफिसात पैसे घेऊन पावती देतो. पोस्टाची स्वतःची फी असते, पण कुरिअरच्या मानाने किरकोळ.

कुरिअरचं पार्सल विमानतळावरच्या कुरिअर टर्मिनलमध्ये सुटतं, आपल्याकडे बहुतेक वेळा सहारला. तिथे तुमच्या वतीने कुरिअर कंपनीच कागद भरते, करही आधी तीच भरते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. नवी मुंबईतल्या बऱ्याच जणांना वाटतं की न्हावा शेवा बंदर इतकं जवळ आहे तर आपलं खोकं तिथेच असणार. जहाजाने घरसामान मागवलं असेल तर तसं असेलही, पण पार्सलचा त्या बंदराशी संबंध येत नाही. उरणला चक्कर मारू नका.

पोस्टाच्या ट्रॅकिंगमधल्या एका ओळीने लोक उगाच घाबरतात: "रिटर्न आयटम फ्रॉम कस्टम्स". पार्सल परदेशी परत निघालं असं त्यावरून वाटतं. प्रत्यक्षात कस्टम्सने तपासून ते पोस्टाच्या ताब्यात परत दिलं, एवढाच तिचा अर्थ. म्हणजे बातमी चांगली आहे. आता फक्त पोस्टमनची वाट बघायची.

मागणी खरी आहे का?

तुम्ही कुणाकडून कशाचीच वाट बघत नसाल तर पुढचं वाचायची गरज नाही, ती मागणी खोटी आहे. फेसबुकवर ओळख झालेल्या "लंडनच्या डॉक्टर" मित्राने पाठवलेला दागिन्यांचा डबा दिल्ली विमानतळावर अडलाय आणि सोडवायला अमुक खात्यात पैसे टाका, हा फसवणुकीचा जुना प्रकार. "पत्ता अपूर्ण आहे, लिंकवर जाऊन दुरुस्त करा" हा त्याचा नवा अवतार. आणि "तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, व्हिडिओ कॉलवरून उठायचं नाही" ही "डिजिटल अरेस्ट". तशी अटक कायद्यात कुठेच नाही.

पार्सल खरंच येणार असेल तर मेसेजमधल्या लिंकला हात न लावता ट्रॅकिंग नंबर कंपनीच्या किंवा पोस्टाच्या साइटवर स्वतः टाइप करा. पैशांची मागणी तिथेही दिसली पाहिजे. कस्टम्स अधिकारी कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. कस्टम्सचं पत्र किंवा नोटीस आली असेल तर त्यावर डीआयएन हा ओळखक्रमांक असतो, तो सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या, साइटवर पडताळता येतो. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, ग्रुपवर पोस्ट नंतर टाका.

आकडा फोडायचा कसा?

कुरिअरवाल्याला एकच वाक्य लिहायचं: "कुरिअर बिल ऑफ एंट्रीची प्रत आणि तुमच्या फीचं वेगळं इन्व्हॉइस पाठवा." फोनवर बोलून काही हाती लागत नाही, ईमेल करा. बिल ऑफ एंट्री म्हणजे कस्टम्सकडे भरलेला आयातीचा कागद. त्यावर वस्तूचा आठ आकडी कोड, धरलेली किंमत, डॉलरचा किंवा पौंडाचा दर आणि प्रत्येक कर वेगवेगळा छापलेला असतो.

हिशेबाचा क्रम असा. वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून करपात्र किंमत ठरते. तिच्यावर मूळ सीमाशुल्क. त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार. मग या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. करावर कर बसतो, म्हणून शेवटचा आकडा आपल्या तोंडी अंदाजाच्या पुढे जातो.

स्वतःच्या वापरासाठी पोस्टाने किंवा विमानाने आलेल्या वस्तूंना सीमाशुल्काच्या तक्त्यात ९८०४ हे स्वतंत्र शीर्ष आहे. ग्रुपवरचे ७७ टक्के इथूनच आले. १०० रुपयांच्या वस्तूवर मूळ शुल्क ३५, अधिभार ३.५ आणि या १३८.५ च्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी, मिळून कर ७७.२८. तेव्हा ते खरं होतं. पुढे २०२५ च्या अर्थसंकल्पात ३५ चे २० झाले, २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांचा आयजीएसटी १८ वर आला आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. त्यामुळे नेटवरचा कुठलाही जुना लेख वाचताना आधी त्याची तारीख बघा. आणि तुमच्या बिलावरचा कोड ९८०४ ने सुरू होतो की वस्तूच्या स्वतःच्या शीर्षाने, तेही बघा. दर त्यावरच ठरतो, आणि छापील पुस्तकांसारख्या काही वस्तूंचा त्यांच्या स्वतःच्या शीर्षाखालचा कर बराच कमी आहे. कोड चुकीचा वाटला तर कारण विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आता वाहतुकीचा मुद्दा. बहुतेकांना तो ठाऊक नसतो आणि पैसे खरे तिथेच वाचतात. सीमाशुल्क मूल्यांकन नियम, २००७ मधल्या नियम १० नुसार विमानाने आलेल्या मालाची वाहतूक कितीही महाग पडली तरी करासाठी ती वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. विम्याचा आकडा माहीत नसेल तर १.१२५ टक्के धरतात.

समजा टोरंटोच्या आत्याने ८,००० रुपयांचे स्वेटर पाठवले आणि कुरिअरला ४,५०० मोजले. करासाठी वाहतूक धरायची १,६०० आणि विमा ९०. करपात्र किंमत झाली ९,६९०. मूळ शुल्क १० टक्के, त्यावरचा अधिभार आणि १८ टक्के आयजीएसटी धरला तर एकूण कर साधारण ३,००२ रुपये येतो. कुणी पूर्ण ४,५०० मिळवून हिशेब केला तर तोच कर ३,९०० च्या घरात जातो. एका खोक्यामागे नऊशे रुपये. कुरिअरचा खर्च वस्तूच्या किमतीच्या जवळपास असेल, आणि घरगुती पार्सलांत तो असतोच, तर ही ओळ बिलावर आवर्जून तपासा.

विनिमय दर गूगलवरच्या दराशी जुळत नाही म्हणून भांडू नका. कस्टम्स स्वतः जाहीर केलेला दर वापरतं. सेलमध्ये घेतलेल्या वस्तूची मूळ छापील किंमत धरली असेल तर मात्र जरूर भांडा. खरेदीत कर ठरतो तो प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीवर. ऑर्डरचं इन्व्हॉइस आणि कार्डाच्या स्टेटमेंटची ओळ पाठवली की मुद्दा स्पष्ट होतो.

कर बाजूला काढल्यावर जे उरतं ते कुरिअरचं. तुमच्या वतीने कर आधी भरला याबद्दल टक्केवारी किंवा एक किमान रक्कम, यातलं जे जास्त असेल ते. शिवाय कागदपत्रांची फी आणि या सगळ्या फीवर १८ टक्के जीएसटी. छोट्या पार्सलला ही फी करापेक्षाही जड होते. कस्टम्सने लुटलं म्हणून लोक बोटं मोडतात तेव्हा निम्म्या वेळा राग इथल्या आकड्याचा असतो, असं माझं मत आहे. ही फी कंपनीच्या दरपत्रकात असते, म्हणून ती माफ करून घेणं कठीण. पण दरपत्रकात नसलेली एखादी ओळ बिलात आली असेल तर ती काढून घेता येते. तिसरा हिशेब गोदामाचा. ठरावीक मोफत मुदतीनंतर दिवसागणिक भाडं चढतं, म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये मोफत मुदत कधी संपते ते विचारून ठेवा. आकड्यावर वाद घालत बसलात आणि मुदत उलटली तर वाद जिंकूनही हातात काही उरत नाही.

"अहो, पण गिफ्ट आहे ना!"

पूर्वी ठरावीक रकमेपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती. डिसेंबर २०१९ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने ती गेली. आता भेट म्हणून करमाफी मिळते ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. बाकी भेट आणायला मनाई नाही, पूर्ण कर भरून आणायची. तेव्हा खोक्यावर मोठ्या अक्षरांत "गिफ्ट" लिहिल्याने कर वाचत नाही, उलट आत काय आहे ते न सांगितल्यामुळे तपासणी लांबते.

राखीच्या पाकिटात मेलबर्नची बहीण चॉकलेटं आणि भावाला घड्याळ घालते तेव्हा सूट फक्त राखीपुरती. घड्याळाचा कर भरावाच लागतो. एक लहानसा दिलासा कायद्यातच आहे: एकूण शुल्क १०० रुपये किंवा त्याहून कमी होत असेल तर ते आकारलं जात नाही. एखादी किरकोळ वस्तू यात बसून जाते.

मग पाठवणारे शहाणपण करतात आणि दोनशे डॉलरच्या बुटांवर पाच डॉलर लिहितात. असं करू देऊ नका. जाहीर केलेल्या किमतीवर वाजवी शंका आली तर त्याच मूल्यांकन नियमांतल्या नियम १२ खाली अधिकारी ती नाकारू शकतो आणि स्वतः किंमत ठरवू शकतो. माल जप्त होऊ शकतो, दंडही होऊ शकतो. आणि कायद्याच्या नजरेत आयातदार तुम्ही असता. पाठवणारा भाचा न्यू जर्सीत निवांत.

पैसे मागितले नाहीत, पण पार्सल हलतही नाही

इथे नव्वद टक्के वेळा केवायसी आडवी येते असं म्हणायचा मोह होतो, पण टक्केवारी कुणी मोजलेली नाही. एवढं खरं की कुरिअरने आलेल्या पार्सलला घेणाऱ्याची ओळख आणि पत्ता पटल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

आपल्या भागात दोन घोळ नेहमीचे. पहिला भाडेकरूंचा. राहायला खारघरला किंवा ऐरोलीला, आधार कार्डावर पत्ता साताऱ्याचा. अशा वेळी आधारसोबत सध्याच्या पत्त्याचा पुरावा जोडा, म्हणजे नोंदणी केलेला भाडेकरार किंवा स्वतःच्या नावावरचं वीजबिल किंवा बँकेचं स्टेटमेंट. दुसरा घोळ नावाचा. मैत्रिणीने जुन्या सवयीने माहेरचं नाव लिहिलेलं असतं आणि आधारवर सासरचं. किंवा खोक्यावर नुसतं "बंडूकाका, पाचपाखाडी". प्रेमाने पाठवलं हे खरं, पण बंडूकाकांच्या नावाचा सरकारी कागद कुठून आणायचा? लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद चालते. ती नसेल तर पाठवणाऱ्याने त्याच्या बाजूच्या कुरिअरकडून नाव दुरुस्त करून घ्यावं.

दुसरं कारण म्हणजे वर्णन. "पर्सनल आयटम्स" किंवा "हाउसहोल्ड गुड्स" एवढंच लिहिलं असेल तर अधिकाऱ्याला त्यावरून कर ठरवता येत नाही. मग तुम्हाला पत्र येतं: आत काय आहे, किंमत काय, पुरावा द्या. पोस्टाच्या पार्सलचं हे पत्र खरोखर कागदावर येतं, सोसायटीच्या पत्रपेटीत बिलांच्या गठ्ठ्यात पडून राहतं आणि दिलेली मुदत संपते. परदेशातून काही येणार असेल त्या काळात वॉचमनला सांगून ठेवा आणि पेटी रोज बघा. उत्तर देताना पत्रावरचा संदर्भ क्रमांक, ट्रॅकिंग नंबर, इन्व्हॉइस आणि पैसे भरल्याचा पुरावा एकत्र जोडा.

तिसरं कारण वस्तूच तशी असते. ड्रोनच्या आयातीला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, नातवासाठी खेळणं म्हणून पाठवला तरी. ई-सिगारेट २०१९ च्या कायद्याने बंद. फुलझाडांचे कंद आणि बिया यांना तिकडचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि इकडचा आयात परवाना लागतो. बाल्कनीतल्या ट्युलिपच्या हौसेपायी एवढं करण्यात अर्थ नाही. ठाण्यातल्या आजी-आजोबांना मुलं नियमित औषधं पाठवतात. त्यांत डॉक्टरांची चिठ्ठी हवीच, आणि स्वतःच्या वापरासाठीच्या औषधांचा परवाना मागितला गेला तर केंद्रीय औषध नियंत्रकांकडे फॉर्म १२-अ भरून १२-ब घ्यावा लागतो. नियमित लागणारं औषध असेल तर तो आधीच काढून ठेवा. पार्सल अडल्यावर धावाधाव करून वेळेत मिळेलच याचा भरवसा नाही.

लॅपटॉपचं विचारतातच. लॅपटॉप आयातीवरच्या ऑगस्ट २०२३ च्या निर्बंधांतही पोस्टाने किंवा कुरिअरने एक लॅपटॉप परवान्याशिवाय आणायला मुभा आहे, पण कर भरून. तोच लॅपटॉप परदेशातून येणारा अठरा वर्षांवरचा प्रवासी सामानातून आणेल तर एका लॅपटॉपला कर लागत नाही. डिसेंबरात कुणी घरी येणार असेल तर थांबा.

पाठवणाऱ्याला हा निरोप आधीच पाठवून ठेवा

"अगं प्राजू, बॉक्सवर माझं नाव आधारवर आहे तसंच लिही, वडिलांचं नाव आणि आडनाव सगळं. फ्लॅट नंबर, विंग, पिनकोड आणि माझा मोबाइल टाक. फॉर्मवर गिफ्ट एवढंच लिहून थांबू नकोस. कॉटन शर्ट ३ नग, प्रत्येकी १२ डॉलर, असं एकेक लिही. खरेदीची बिलं बॉक्सच्या बाहेर पाकिटात लाव आणि मला फोटो पाठव. आणि तुझ्या बाजूला कर आधीच भरायची सोय असेल तर ती किती पडते ते विचार."

शेवटच्या वाक्याबद्दल दोन शब्द. काही कंपन्या आणि परदेशी दुकानं आयात कर खरेदीच्या वेळीच घेतात. सोय चांगली आहे, पण पावतीवर ते स्पष्ट लिहिलेलं हवं. कर आधी भरलेला असूनही दारात पुन्हा मागितला गेला तर ती पावती दाखवा आणि परतावा दुकानाकडे मागा. डिलिव्हरीवाल्या मुलाशी हुज्जत घालून काही होत नाही, त्याच्या हातातल्या मशीनवर जो आकडा दिसतो तेवढंच त्याला ठाऊक असतं.

पटलं नाही तर

कर वस्तूच्या किमतीपेक्षा डोईजड झाला तर पार्सल नाकारता येतं. पण नुसतं फोन न उचलणं म्हणजे नाकारणं नव्हे. माल सोडण्याचा आदेश होण्याआधी मालावरचा हक्क सोडत असल्याचं लेखी दिलं तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम २३ नुसार शुल्काची जबाबदारी राहत नाही. परत पाठवायचं असेल तर परतीचा खर्च कोण देणार हे आधी पाठवणाऱ्याशी बोलून घ्या, तो बऱ्याचदा करापेक्षा जास्त निघतो. तीस दिवसांत न सोडवलेला माल नोटीस देऊन विकण्याचा अधिकार कायद्याने गोदामवाल्याला दिला आहे.

वस्तू हवीच आहे आणि हिशेब मात्र चुकलेला दिसतोय, तर पार्सल सोडवून घ्या, भाडं वाढू देऊ नका, आणि भरताना आक्षेप ईमेलवर नोंदवा. बेरजेची किंवा लिहिण्यातली चूक असेल तर ती कलम १५४ खाली दुरुस्त होते. कोड किंवा किंमत चुकीची धरली असेल तर आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करता येतं. जास्त भरलेल्या शुल्काचा परतावा कलम २७ खाली साधारणपणे एका वर्षाच्या आत मागावा लागतो. सहा-सातशे रुपयांसाठी अपिलाच्या वाटेला जाऊ नये, त्यापेक्षा कुरिअरच्या तक्रार विभागाला बिलाची प्रत जोडून लिहिलेलं पत्र लवकर फळतं. पोस्टाच्या पार्सलबद्दलची तक्रार इंडिया पोस्टच्या साइटवर नोंदवा. ती पोस्टाच्या हद्दीतली नसून कस्टम्सची असेल तर सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर सीबीआयसी निवडून टाका, आणि ट्रॅकिंग नंबर मजकुराच्या पहिल्या ओळीतच लिहा.